देहधर्माची भीड

मराठी भाषा शब्दांच्या बाबतींत दरिद्री आहे, असें म्हणण्याचें धाडस सहसा कोणी करणार नाहीं. नुसत्या पावसाला आमच्या शेतकऱ्यानें किती नांवें देऊन ठेविलीं आहेत! परंतु दिवसांतून पांचसहा वेळां प्रत्येक माणसाला, मग तो न्यायाधीश असो कीं हमाल असो, जें एक कर्म करावें लागतें, त्याचें नांव चारचौघांत उच्चारण्याची वेळ आली कीं हीच भाषा एकदम मुकी होते. शाळेंतलें पोर करंगळी वर करतें. प्रौढ मनुष्य 'जरा जाऊन येतों' म्हणून उठतो. वृद्ध गृहस्थ संस्कृताचा आश्रय करून 'लघुशंका' म्हणतात. आणि आमच्यासारखे इंग्रजी शिकलेले लोक 'बाथरूम' या शब्दाच्या आड दडतात. यांत 'लघुशंका' हा शब्द आम्हांस विशेष मौजेचा वाटत आला आहे. शंका, आणि तीहि लघु! ज्यानें हा शब्द प्रथम योजिला त्याला, ही शंका एखादे रात्रीं फिटेनाशी झाली म्हणजे केवढें गुरु संकट ओढवतें, याची कल्पना नसावी.

हा विषय अशा मासिकांत काढणें कांहीं वाचकांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. घरांतील लहानथोर सर्वांच्या हातीं पडणाऱ्या अंकांत मूत्राशयाची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर इतकेंच कीं, हा अंक ज्या घरांत जातो त्या घरांत बहुधा एक आजोबा असतात, एक चौदापंधरा वर्षांचा मुलगा असतो, आणि दिवसभर कचेरींत वा शाळेंत काम करणारी एखादी स्त्री असते. या तिघांवरहि या बाबतींत संकट येऊं शकतें, आणि तिघेंहि तें बोलून दाखविणार नाहींत. रुग्णालयाच्या ज्या तातडीच्या विभागाला सर्वजण 'कॅज्युअल्टी' म्हणतात, तेथें मूत्रमार्गाचीं जीं दुखणीं येतात त्यांपैकीं बहुतेकांना उपाय आहे; आणि तो पुष्कळदा आश्चर्य वाटावें इतका सोपा आहे. पण तो घड्याळाशीं बांधलेला आहे; आणि त्या घड्याळाचे पहिले तास रस्त्यावर नव्हे, तर घरांत, संकोचांत खर्च होतात.

भिडेनें मनुष्य प्राणास मुकतो, याचें एक प्रसिद्ध उदाहरण इतिहासांत आहे. टायको ब्राहे हा डेन्मार्कचा ज्योतिषी. दुर्बिणीच्या पूर्वींच्या काळांत नुसत्या डोळ्यांनीं आणि स्वतः करविलेल्या यंत्रांनीं त्यानें ग्रहांचीं स्थानें इतकीं बिनचूक टिपून ठेविलीं कीं, त्यांच्या आधारावर पुढें केप्लरनें ग्रहगतीचे नियम बसविले. १६०१ च्या ऑक्टोबरच्या १३ तारखेस प्राग शहरांत एका सरदाराकडे तो मेजवानीस बसला. लघवीस लागली असतांहि यजमानाच्या आधीं उठणें असभ्यपणाचें, म्हणून तो तसाच बसून राहिला. घरीं आल्यावर त्याला लघवी होईना. पुढें अत्यंत वेदना, ताप आणि भ्रम होऊन २४ तारखेस तो वारला. वय अवघें ५४. ही हकीकत केप्लरच्या वेळेपासून सांगितली जात आहे. त्याला पारा घालून मारलें असा तर्क मागाहून निघाला होता. परंतु २०१० सालीं त्याचें थडगें उघडून अवशेष तपासण्यांत आले, आणि मृत्यु यावा इतका पारा त्यांत नव्हता असें २०१२ सालीं शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें. एकवार लघवी रोखून धरल्यानें निरोगी मनुष्य मरत नाहीं, हें खरें. त्या मार्गांत आधींपासून कांहीं अडथळा असलाच पाहिजे. पण झिजत आलेल्या दोरीला शेवटचा हिसका शिष्टाचारानें दिला. ज्यानें आकाशाची मोजदाद केली, त्याला ताटावरून उठण्याची रजा मागतां आली नाहीं!

हा अडथळा पुरुषांत बहुधा कोठें असतो तें आतां सर्वश्रुत आहे. मूत्राशयाच्या तोंडाशीं मूत्रनळीला वेढून अक्रोडाएवढी एक गांठ असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. तरुणपणीं तिचें वजन सुमारें २० ग्रॅम भरतें. वय वाढतें तशी ती वाढते. पन्नास ते साठ वर्षांच्या पुरुषांपैकीं सुमारें निम्म्यांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखालीं दिसून येते. ती कर्करोगाची नव्हे. परंतु नळी तिच्या मधून जात असल्यामुळें धार बारीक होते, रात्रीं दोनतीनदां उठावें लागतें, झालें तरी झाल्यासारखें वाटत नाहीं. आमच्या वयाच्या मंडळींत या गोष्टी सर्वांस ठाऊक असतात आणि कोणीहि काढीत नाहीं. मग एखादे दिवशीं सर्दीची गोळी घेतली जाते, बद्धकोष्ठ होतो, मद्यपान घडतें, किंवा लांबच्या प्रवासांत कित्येक तास थोपवून धरावें लागतें, आणि दार पूर्ण बंद होतें. सर्दीच्या कित्येक औषधांत मूत्राशयाचें तोंड आंवळणारीं किंवा त्याचा स्नायु ढिला पाडणारीं द्रव्यें असतात, ही गोष्ट औषधाच्या दुकानदाराला कोणी विचारीत नाहीं आणि तोहि सांगत नाहीं.

आमचे एक स्नेही, निवृत्त मुख्याध्यापक, वय ७१, यांच्यावर गेल्या हिंवाळ्यांत हाच प्रसंग गुदरला. पुतणीच्या लग्नाहून सहा तासांचा बसचा प्रवास करून ते सायंकाळीं परतले. सर्दीची गोळी सकाळींच घेतलेली होती. रात्रीं नऊपर्यंत त्यांनीं घरांत कोणाला अक्षर सांगितलें नाहीं. मग मुलाला म्हणाले, पोट बिघडलें आहे. सुनेनें ओवा दिला, हिंगाचें पाणी दिलें. आजीबाईंनीं कोठून तरी पळसाचीं फुलें शोधून त्यांचा शेक द्यावा म्हटलें, तेव्हां तर मुख्याध्यापक रागावलेच. आजीबाईंनीं दुखणें अचूक ओळखलें होतें, याचाच तो राग होता. अकराच्या सुमारास मुलानें आम्हांस हांक मारली, आणि आम्ही त्यांना घेऊन गेलों.

रुग्णालयांत नोंद करून घेणाऱ्या परिचारिकेनें मोठ्यानें विचारलें, "काय होतंय?" मुख्याध्यापकांनीं भोंवतीं पाहिलें आणि इंग्रजींत कांहीं पुटपुटले. आम्हांस त्याही स्थितींत नवल वाटलें कीं, ज्यानें चाळीस वर्षें मराठीचें व्याकरण शिकविलें, त्याला ऐन वेळीं मराठीचा एक साधा शब्द सांपडूं नये! ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनीं ओटीपोटावर हात ठेविला. बेंबीपर्यंत ताठ, भरलेल्या घागरीसारखा गोळा लागत होता. "काका, लघवी शेवटची केव्हां झाली?" त्यांनीं सरळ विचारलें. काका भिंतीकडे पाहूं लागले. तेव्हां त्या बाईंनीं आम्हां सर्वांना बाहेर काढलें, पडदा ओढून घेतला, आणि हळू आवाजांत तोच प्रश्न पुन्हा केला. पडद्याच्या आंतून उत्तर आलें, "सकाळीं आठ वाजतां." पंधरा तास!

पुढचें काम पंधरा मिनिटांचें होतें. बधिर करणारें मलम नळींत सोडून एक मऊ रबरी नळी आंत घातली. तिच्या टोकाशीं पाण्यानें फुगणारा लहान फुगा असतो, त्यामुळें ती निसटत नाहीं. ही युक्ति अमेरिकन शल्यवैद्य फोली यांनीं १९३० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणली, आणि जगांतील प्रत्येक रुग्णालयांत तिला अद्याप त्यांचेंच नांव आहे. नळी तशी फार जुनी. बेंजामिन फ्रँकलिननेंहि १७५२ सालीं आपल्या आजारी भावासाठीं चांदीची, वांकणारी नळी सोनाराकडून करवून घेतली होती. मूत्राशयांत सामान्यतः चारपांचशें मिलिलिटर मावतात. मुख्याध्यापकांच्या पिशवींत अकराशें भरले. पूर्वीं असें तुंबलेलें पाणी एकदम सोडूं नये, थोडें थोडें सोडावें, असा नियम होता. आतां तसें करण्याची गरज नाहीं असें अनुभवानें ठरलें आहे. मात्र नंतर कांहीं तास मूत्रपिंडें बांध फुटल्यासारखीं वाहूं लागतात कीं काय, यावर नजर ठेवावी लागते, आणि रक्ताची तपासणी करून मूत्रपिंडांना इजा झाली नाहीं ना तें पाहावें लागतें.

नळी बसल्यावर थोड्या वेळानें आम्हांस आंत बोलावलें. मुख्याध्यापकांचा चेहरा धुऊन काढल्यासारखा दिसत होता. ते डॉक्टरबाईंना म्हणत होते, "पोरी, चाळीस वर्षें मुलांना सांगत आलों, कीं अडलें तर मोठ्यानें विचारा. माझं अडलं, तेव्हां माझ्याच तोंडून शब्द फुटेना." त्या हंसल्या नाहींत. "काका, सगळ्यांचं तसंच होतं," एवढेंच म्हणाल्या. मूत्राशयाचें तोंड सैल करणारी गोळी सुरू झाली, तीन दिवसांनीं नळी काढून पाहिली, आणि लघवी मोकळी झाली. ती न झाली असती तर दुर्बिणींतून गांठ पोखरून काढण्याची शस्त्रक्रिया आहे, आणि तीहि आतां नित्याची झाली आहे.

त्या रात्रीं बाहेरच्या बांकावर बसलों असतां डॉक्टरबाईंनीं सवडीनें आम्हांस बरेंच सांगितलें. त्या म्हणाल्या, ज्याला बोलतां येतें तो निदान विव्हळतो तरी. पक्षाघातानें वाचा गेलेला किंवा विस्मृतीनें ग्रासलेला म्हातारा मनुष्य रात्रीं एकाएकीं तळमळूं लागतो, अंगावरचें पांघरूण फेंकतो, उठूं पाहतो. घरचे लोक त्याला भ्रम झाला असें समजून झोपेचें औषध मागतात. आधीं ओटीपोटावर हात ठेवून पाहावा. कित्येकदा तो सारा भ्रम तुंबलेल्या लघवीचा असतो. आणि लघवी अडण्याबरोबर पाय लुळे वाटूं लागले, किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर दोष मूत्रमार्गाचा नसून पाठीच्या कण्यांत मज्जातंतु दबल्याचा असूं शकतो. तेथें तर एक दिवसाचीहि उसंत नसते.

परंतु त्यांनीं सांगितलेल्या गोष्टींपैकीं आमच्या मनाला चटका लावून गेली ती एका मुलाची. वय चौदा. पहांटे झोपेंतून कळ येऊन जागा झाला. आईला म्हणाला, पोट दुखतंय. एक उलटीहि झाली. आईनें अपचन समजून औषध दिलें आणि शाळेला सुट्टी दिली. दुखत होतें तें पोट नव्हतें; तो ज्या अवयवाचें नांव आईपुढें घेऊं शकत नव्हता तो होता. दुसऱ्या दिवशीं सूज इतकी वाढली कीं त्याला चालतां येईना, तेव्हां तो वडिलांशीं बोलला. वृषण आपल्या शिरेभोंवतीं पीळ घेऊन फिरतें आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो, असा हा विकार आहे. तो बारा ते अठरा या वयांत विशेषतः होतो, पुष्कळदा झोपेंत होतो. सहा तासांच्या आंत पीळ सोडविला तर अवयव बहुधा वाचतो. बारा तासांपर्यंत आशा निम्म्यावर येते. चोवीस तासांनंतर फारशी उरत नाहीं. शल्यवैद्यांनीं त्या मुलाचा तो अवयव काढून टाकला आणि दुसरा पिळूं नये म्हणून टांके घालून बसविला. मुलाचें पुढचें आयुष्य सुरळीत जाईल, संततीसहि बहुधा बाध येणार नाहीं. परंतु जें गेलें तें एका शब्दाअभावीं गेलें. बीजगणिताचीं समीकरणें सोडविणाऱ्या मुलाला आपल्या देहांतील एका भागाचें निःसंकोच उच्चारतां येईल असें नांव आपण दिलेलें नसतें. शिवी म्हणून मात्र तेंच नांव तो रस्त्यावर रोज ऐकतो.

मुतखड्याच्या बाबतींत समाज थोडा उदार आहे. खडा झालेला मनुष्य आपला खडा कागदाच्या पुडींत घालून पाहुण्यांना दाखवितो. ही परंपरा थोर आहे. इंग्रज रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याचा मूत्राशयांतला खडा १६५८ च्या मार्चच्या २६ तारखेस, गुंगीच्या औषधाशिवाय, चिरून काढण्यांत आला. तो जगला; पुढें दरसाल त्या तारखेस मेजवानी द्यावी असा त्यानें संकल्प केला आणि तो खडा पेटी करवून जपून ठेविला. ज्याच्यापासून युरोपांत निबंधाचा हा प्रकार सुरू झाला तो फ्रेंच ग्रंथकार माँतेन याचे वडील याच व्याधीनें गेले, तो स्वतःहि तिनें पिडला होता, आणि आपल्या खड्यांविषयीं त्यानें इतक्या मोकळेपणानें लिहिलें आहे कीं, निबंधलेखनाचा वारसा सांगणाऱ्या आम्हांस या लेखाबद्दल क्षमा मागण्याचें कारण उरूं नये. आमच्याकडे सुश्रुतानें तर अश्मरीचे चार प्रकार सांगून शस्त्रकर्माचा विधीहि दिला आहे. शस्त्र न लावल्यास मरण निश्चित, लावल्यास यश अनिश्चित. म्हणून राजाची अनुज्ञा घेऊन मगच हात घालावा, असें तो बजावतो. आज शस्त्रक्रियेपूर्वीं रुग्णाची लेखी संमति घेतात. त्या कागदावर सही करतांना आम्हांस या जुन्या वैद्याच्या सावधपणाची आठवण होते.

आज मूत्रपिंडांतून खालीं उतरणाऱ्या खड्याची कळ, जी पाठीच्या बाजूनें निघून जांघेकडे धांवते, शमविण्यास डायक्लोफेनॅकसारखें औषध प्रथम देतात, आणि ५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. कळ चालू असतां घागरभर पाणी पिऊन खडा ढकलला जात नाहीं. पाणी प्यावें तें पुन्हा खडा होऊं नये म्हणून, लघवी दिवसाला दोनअडीच लिटर होईल इतकें. कुळथाचें कढण पिण्यास कोणाची हरकत नाहीं. पण दूध सोडण्याचें कारण नाहीं, आहारांतला कॅल्शियम फार कमी केल्यानें खडे उलट वाढूं शकतात. दोन गोष्टी मात्र प्रत्येक घरानें लक्षांत ठेवाव्या. खड्याच्या कळेबरोबर थंडी वाजून ताप आला तर अडलेल्या मूत्रांत जंतु माजले असें समजावें. तेथें केवळ औषध पुरत नाहीं, त्याच रात्रीं नळी घालून तें मूत्र बाहेर काढावें लागतें, नाहीं तर विष रक्तांत भिनून प्राणाशीं गांठ पडते. आणि साठी उलटलेल्या माणसाला अशी कळ जन्मांत प्रथमच आली तर ती खड्याची आहे असें धरून चालूं नये. पोटांतील मुख्य रोहिणी फुगून फुटण्याच्या बेतांत असली तरी दुखणें हुबेहूब तसेंच दिसतें.

लघवींतून रक्त जाणें हें आणखी एक फसवें दुखणें आहे. दुखलें तर मनुष्य धांवतो. न दुखतां एकदांच लाल झालें आणि दुसरे दिवशीं स्वच्छ झालें तर तो सुटलों म्हणतो. वस्तुतः न दुखतां गेलेलें रक्तच अधिक संशयास्पद. बीट खाल्ल्यानें लाली येते, क्षयावरील रिफँपिसिनच्या गोळीनें नारिंगी रंग येतो, हें खरें. परंतु चाळिशीपुढील मनुष्यानें, त्यांतहि धूम्रपान करणाऱ्यानें, असें रक्त एकदां जरी पाहिलें तरी मूत्राशयाच्या कर्करोगाची तपासणी टाळूं नये.

स्त्रियांची स्थिति याहून शोचनीय. पुरुषाची भीड त्याच्या मनांत असते. स्त्रीची भीड रस्त्यानेंहि लादलेली असते. लांबच्या प्रवासाला निघणारी किती तरी बाई सकाळपासून पाणी पीत नाहीं, कारण वाटेंत जाण्याजोगी जागा मिळेल याचा भरंवसा नसतो. मग जळजळ होते. तिला आमच्याकडे 'उन्हाळी लागणें' असें गोड नांव आहे. तें उन्हाळ्याचें दुखणें समजून धनेजिऱ्याच्या पाण्यावर दिवस काढले जातात, आणि जंतु वर मूत्रपिंडांत चढून ताप भरल्यावर कॅज्युअल्टी गांठावी लागते. गर्भवतीच्या बाबतींत तर हें दुर्लक्ष दोन जिवांचें असतें. २०११ सालीं मुंबईंत कांहीं स्त्रीसंघटनांनीं 'राइट टू पी' या नांवानें, स्त्रियांना स्वच्छ आणि विनामूल्य मुताऱ्या मिळाव्या म्हणून चळवळ सुरू केली, तेव्हां त्या नांवावर पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. आम्हांस तें नांव धैर्याचें वाटलें. जी गोष्ट उच्चारतां येत नाहीं ती मागतां येत नाहीं, आणि जी मागतां येत नाहीं ती कोणतीहि नगरपालिका देत नाहीं.

आम्ही निर्लज्जपणाचा पुरस्कार करीत आहों असें कोणी समजूं नये. लज्जा हा मनुष्याचा अलंकार आहे, आणि पडदा ओढून घेणाऱ्या त्या डॉक्टरबाईंना तो अलंकार कसा राखावा हें चांगलें कळत होतें. परंतु भीड ही भिकेची बहीण, असें आमचे पूर्वज म्हणून गेले. या बाबतींत ती भिकेच्याहि पलीकडे नेते. मर्यादा आणि मौन या दोन वस्तु भिन्न आहेत. मर्यादा सांगते कीं योग्य माणसाशीं, योग्य जागीं, योग्य शब्दांत बोल; मौन सांगतें कीं बोलूंच नको. पहिली संस्कृति, दुसरी निव्वळ भीति.

उपायहि मोठा नाहीं. मुलाला हातपाय, नाककान हीं नांवें शिकवितांना उरलेल्या अवयवांचींहि नांवें त्याच आवाजांत शिकवावीं. आणि तेथें अचानक कळ आली तर मध्यरात्र असली तरी उठव, असें बापानें मुलाला एकदां स्पष्ट सांगून ठेवावें. म्हाताऱ्या वडिलांना जेवलां का, झोप लागली का, असें आपण रोज विचारतों. त्या प्रश्नांच्या रांगेंत आणखी एक प्रश्न बसविण्यास जागा आहे. पहिल्या दिवशीं ते रागावतील, दुसऱ्या दिवशीं टाळतील. तिसऱ्या दिवशीं कदाचित् खरें उत्तर देतील. तें उत्तर ऐकण्याची तयारी मात्र विचारणाऱ्याची असली पाहिजे.